कोकेनचा प्रवास: अँडीजच्या उतारापासून न्हावा शेवापर्यंत

ऑक्टोबर २०२२ मध्ये दक्षिण आफ्रिकेहून आलेला फळांचा एक कंटेनर न्हावा शेवा बंदरात अडवला गेला. महसूल गुप्तचर संचालनालयाच्या, म्हणजे डीआरआयच्या अधिकाऱ्यांनी तो उघडला, तेव्हा हिरवी सफरचंदं आणि नाशपतीच्या खोक्यांत एकेक किलोच्या पन्नास विटा निघाल्या. कोकेनच्या. सरकारी हिशेबाने त्यांची किंमत ५०२ कोटी रुपये, म्हणजे किलोमागे दहा कोटी.

अशा बातम्यांत रुपयांचा आकडा मोठ्या टायपात छापला जातो आणि एक साधा प्रश्न मागे पडतो. दक्षिण आफ्रिकेत कोकेन पिकत नाही. मग ते तिथे आलं कुठून? आणि मूळ जागी किरकोळ किमतीला मिळणारी ही पावडर मुंबईच्या दारात येईपर्यंत दहा कोटींची कशी होते? कोकेनचा सगळा धंदा या दोन प्रश्नांत सामावला आहे. झाडाची, पानाची किंमत त्यात नगण्य. पैसा आहे तो वाटेत. त्यामुळेच एखादी वाट बंद झाली तरी धंदा बंद होत नाही, दुसरी वाट शोधली जाते आणि त्या दुसऱ्या वाटेवरच्या गावांची दुर्दशा सुरू होते.

कोकेन कोका नावाच्या झुडपाच्या पानांपासून बनतं. (चॉकलेटचा कोको वेगळा. त्याचा याच्याशी काही संबंध नाही.) दक्षिण अमेरिकेत अँडीज पर्वताच्या पूर्वेकडच्या दमट, उबदार उतारांवर हे झुडूप वाढतं. तिथले लोक ही पानं हजारो वर्षं चघळत आले आहेत. उत्तर पेरूतल्या उत्खननांत सुमारे आठ हजार वर्षांपूर्वीच्या वापराच्या खुणा मिळाल्या आहेत. पान नुसतं चघळत नाहीत, सोबत चुना किंवा राख घेतात. आपल्याकडे विड्याला चुना लावतात, तसंच. चुन्यामुळे पानातला कोकेनचा अंश सुटा होतो. त्याने भूक आणि थकवा कमी जाणवतो, उंचावरच्या विरळ हवेचा त्रास कमी होतो. बोलिव्हियात ला पाझ शहर साडेतीन हजार मीटरहून अधिक उंचीवर आहे. तिथे कोकाच्या पानांचा चहा हॉटेलात सहज मिळतो. लग्नकार्यात, शेताच्या पूजेत, पाहुणचारात कोकाचं पान लागतंच.

हे सविस्तर सांगायचं कारण असं की पान आणि पावडर या दोन फार वेगळ्या गोष्टी आहेत. पानात कोकेनचं प्रमाण साधारण एक टक्का किंवा त्याहूनही कमी असतं. ते पानातून वेगळं काढण्याचं काम १८६० च्या सुमारास जर्मनीत, ग्योटिंगेन विद्यापीठात आल्बर्ट नीमान यांनी केलं. पुढे १८८४ मध्ये व्हिएन्नात कार्ल कोलर यांनी डोळ्याच्या शस्त्रक्रियेत जागा बधिर करण्यासाठी ते वापरून दाखवलं. स्थानिक भूल देण्याचं शास्त्र इथून सुरू झालं. त्यानंतरची काही दशकं कोकेन औषधांच्या दुकानात, टॉनिकमध्ये, वाईनमध्ये खुलेआम मिळत होतं. १८८६ साली बाजारात आलेल्या कोका-कोलातही सुरुवातीला ते होतं.

त्या काळात मुंबईही यापासून दूर नव्हती. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मुंबई, कलकत्ता, दिल्ली अशा शहरांत विड्यातून कोकेन खाल्लं जात असे. आधी युरोपातल्या, विशेषतः जर्मन कारखान्यांतला माल येई, पुढे जपानी माल येऊ लागला. बंगाल सरकारने १९०० साली विक्रीवर निर्बंध आणले, मुंबई प्रांतानेही थोड्याच काळात तोच रस्ता धरला. निर्बंध आल्यावर माल बोटींवरून चोरून उतरू लागला.

याच काळातली आणखी एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. डचांनी जावा बेटावर कोकाचे मळे लावले होते, आणि १९१० च्या दशकात कोकापानांच्या निर्यातीत जावाने पेरूलाही मागे टाकलं. जपानने तैवानमध्ये लागवड केली. म्हणजे कोका फक्त अँडीजमध्येच उगवू शकतो हा समज चुकीचा आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर आशियातले मळे संपले. आज जगातलं जवळपास सगळं कोकेन कोलंबिया, पेरू आणि बोलिव्हिया या तीनच देशांत तयार होतं. त्यामागे हवामान आहेच, पण तितकाच भाग सरकारचा हात न पोहोचणाऱ्या दऱ्याखोऱ्यांचा, गरिबीचा आणि हत्यारबंद टोळ्यांचा आहे. अलीकडे होंडुरास आणि ग्वाटेमालातही कोकाचे छोटे मळे सापडले आहेत.

आता या तीन देशांकडे येऊ.

कोलंबियाचा वाटा सगळ्यात मोठा. संयुक्त राष्ट्रांच्या अमली पदार्थ व गुन्हेविषयक कार्यालयाने, म्हणजे यूएनओडीसीने २०२३ साठी तिथली लागवड २ लाख ५३ हजार हेक्टर इतकी मोजली. एकरांत सांगायचं तर सव्वासहा लाख एकर. नारिन्यो, पुतुमायो, काउका हे नैर्ऋत्येकडचे प्रांत आणि व्हेनेझुएलाच्या सीमेला लागून असलेलं कातातुंबो खोरं ही त्याची मुख्य ठिकाणं. पेरूत नव्वद हजार हेक्टरच्या आसपास लागवड आहे आणि अपुरिमाक, एने, मांतारो या नद्यांचं खोरं त्याचं केंद्र आहे. बोलिव्हियात तीसेक हजार हेक्टर आहे, पण तिथली गोष्ट निराळी. २०१७ च्या कायद्याने तिथे २२ हजार हेक्टरपर्यंत कोका लावायला परवानगी आहे, कारण पान चघळणं हा लोकांचा हक्क मानला जातो. १९६१ च्या आंतरराष्ट्रीय करारात पान चघळण्याची प्रथा पंचवीस वर्षांत बंद करण्याचं कलम होतं. कोका शेतकऱ्यांच्या संघटनेतून राष्ट्राध्यक्ष झालेल्या एव्हो मोरालेस यांच्या सरकारने त्या करारातून बाहेर पडून, हे कलम आम्हाला लागू नाही अशी अट घालून २०१३ मध्ये त्यात पुन्हा प्रवेश घेतला.

कोलंबिया पहिल्यापासून पहिल्या क्रमांकावर नव्हता. १९८० च्या दशकात कोका पिकायचा तो मुख्यतः पेरू आणि बोलिव्हियात. तिथून कच्चा माल छोट्या विमानांनी कोलंबियात यायचा आणि मेडेयिन व काली इथल्या टोळ्या त्याचं कोकेन करून अमेरिकेला पाठवायच्या. १९९० च्या दशकात पेरूने ही विमानं पाडायला सुरुवात केली. पेरूतली लागवड घटली, आणि त्याच वेळी कोलंबियातली वाढली. मग २००० पासून अमेरिकेच्या पैशाने कोलंबियात विमानांतून तणनाशक फवारणी झाली. लागवड काही वर्षं उतरली, २०१३ च्या सुमारास पन्नास हजार हेक्टरच्या खाली आली. त्यानंतर आज ती पाचपट आहे. अभ्यासक याला फुग्याची उपमा देतात: एका बाजूने दाबला की दुसऱ्या बाजूने फुगतो. पण हा फुगा दाबताना दर वेळी कुणाचं तरी शेत जळालं, कुणाला तरी गाव सोडावं लागलं, हे उपमेत येत नाही.

शेतकरी कोका का लावतो? त्याला नशेच्या धंद्याची हौस असते म्हणून नाही. कातातुंबोसारख्या भागातून केळी किंवा मका बाजारात न्यायचा तर चिखलाच्या रस्त्याने एक-दोन दिवस जातात, आणि भाड्यातच माल संपतो. कोकाची पानं वर्षात तीन-चार वेळा, काही ठिकाणी त्याहून जास्त वेळा तोडता येतात. पानं खुडणाऱ्या मजुरांना तिथे ‘रास्पाचिन’ म्हणतात, दिवसभर नागडे हात घासून त्यांची बोटं सोलवटून निघतात. पानांची लगदावजा पेस्ट अनेकदा गावातच, पेट्रोल आणि सिमेंटसारख्या सहज मिळणाऱ्या वस्तू वापरून केली जाते. एक किलो कोकेनसाठी काही शे किलो पानं लागतात. शेतातून पोत्यांनी निघालेला माल पिशवीत मावतो आणि खरेदीदार स्वतः घेऊन जातो. पुढची शुद्ध करण्याची क्रिया जंगलातल्या मोठ्या प्रयोगशाळांत होते. तिचं सांडपाणी सरळ ओढ्यात जातं.

किमतीचा हिशेब ढोबळच देता येतो, पण तो डोळे उघडणारा आहे. एक किलो कोकेनमागच्या पानांचे शेतकऱ्याला जेमतेम काही शे डॉलर मिळतात. तयार पावडर कोलंबियातल्या आतल्या भागात दीड-दोन हजार डॉलरला किलो पडते, म्हणजे दीड-दोन लाख रुपयांच्या आसपास. युरोपच्या बंदरात घाऊक बाजारात हीच किलो काही वर्षांपूर्वी तीस हजार युरोच्या घरात जात होती. ऑस्ट्रेलियात त्याच्या कित्येक पट. आणि न्हावा शेवाचा सरकारी आकडा आपण वर पाहिलाच. वाटेत पावडरीत काही भर पडत नाही. उलट विकताना तिच्यात भेसळ होते. वाढलेला पैसा हा पकडलं जाण्याच्या धोक्याचा मोबदला आहे: बोटवाला, बंदरातला हमाल, क्रेनचालक, कस्टम्सचा फितूर माणूस, बंदूकधारी, वकील, पैसे पांढरे करणारा, या सगळ्यांचा वाटा.

वाटा कशा बदलत गेल्या ते पाहू.

पहिली मोठी वाट कॅरिबियन समुद्रातून मायामीला जाणारी. मेडेयिन टोळीच्या कार्लोस लेहदेरने बहामातलं नॉर्मन्स के नावाचं बेटच ताब्यात घेऊन तिथून विमानं उडवली. अमेरिकेने १९८२ मध्ये दक्षिण फ्लोरिडासाठी खास पथक उभं केलं, तेव्हा माल मेक्सिकोकडे वळला. आधी मेक्सिकोच्या टोळ्या नुसत्या वाहतूकदार होत्या. पुढे त्यांनी भाड्याऐवजी मालातच हिस्सा घ्यायला सुरुवात केली. मेडेयिनचा म्होरक्या पाब्लो एस्कोबार डिसेंबर १९९३ मध्ये मारला गेला, कालीचे म्होरके १९९५ मध्ये पकडले गेले, आणि धंद्याची सूत्रं मेक्सिकोकडे गेली. आज उत्तर अमेरिकेला जाणारा बहुतेक माल कोलंबिया आणि इक्वेडोरच्या किनाऱ्यावरून पॅसिफिकमार्गे वेगवान बोटींनी किंवा अर्धबुडीत नौकांनी मध्य अमेरिका आणि मेक्सिकोपर्यंत जातो आणि तिथून जमिनीवरून सीमेपार. सप्टेंबर २०२५ पासून अमेरिकी लष्कराने कॅरिबियन समुद्रातल्या संशयित बोटींवर थेट बाँबहल्ले सुरू केले. चौकशी नाही, खटला नाही. माझ्या मते हे कायद्याने आणि माणुसकीनेही चूक आहे.

दुसरी वाट युरोपची, आणि गेल्या वीस वर्षांत सगळ्यात जास्त फोफावलेली. इथे बोटींपेक्षा कंटेनर महत्त्वाचा. रोज हजारो कंटेनर येतात, त्यातले थोडेच उघडून किंवा स्कॅन करून पाहणं शक्य असतं. फळं नासतात, त्यामुळे फळांचा कंटेनर लवकर सोडावा लागतो. बहुतेक वेळा निर्यातदाराला पत्ताही नसतो की आपल्या कंटेनरमध्ये कुणी काय घातलं आहे. बेल्जियममधल्या अँटवर्प बंदरात २०२३ मध्ये ११६ टन कोकेन पकडलं गेलं, तोवरचा तिथला उच्चांक. रॉटरडॅम, हॅम्बुर्ग ही पुढची नावं. हॅम्बुर्गमध्ये फेब्रुवारी २०२१ मध्ये पॅराग्वेहून आलेल्या, भिंतीला लावायच्या लांबीच्या (पुट्टीच्या) डब्यांत एकाच वेळी १६ टन सापडलं.

दक्षिण अमेरिकेतून निघणाऱ्या टोकाला ब्राझीलचं सांतोस बंदर आहे. पेरू-बोलिव्हियाचा माल पॅराग्वे आणि ब्राझीलमधून तिथे पोहोचतो आणि त्यावर साओ पाउलोच्या तुरुंगात १९९३ मध्ये जन्मलेल्या पीसीसी या टोळीचा वरचष्मा आहे. युरोपच्या टोकाला इटलीच्या कालाब्रियातली एन्द्रांगेटा ही माफिया टोळी, बाल्कन देशांतल्या आणि नेदरलँड्समधल्या टोळ्या. कुणी एक बडा बॉस सगळं चालवतो ही सिनेमातली समजूत आता लागू पडत नाही. एक टोळी माल जमवते, दुसरी बंदर सांभाळते, तिसरी जहाज, चौथी वितरण. २०२० आणि २०२१ मध्ये युरोपच्या पोलिसांनी एन्क्रोचॅट आणि स्काय ईसीसी या गुन्हेगारांच्या लाडक्या सांकेतिक फोनसेवा फोडल्या, तेव्हा ही साखळी किती जणांत वाटली गेली आहे ते प्रथमच नीट दिसलं. त्याची किंमत युरोपनेही मोजली. नेदरलँड्सचे प्रसिद्ध गुन्हे पत्रकार पेटर आर. दे व्रीस यांना जुलै २०२१ मध्ये अ‍ॅमस्टरडॅमच्या रस्त्यात गोळ्या घातल्या गेल्या. जानेवारी २०२३ मध्ये अँटवर्पमध्ये एका घरावर झालेल्या गोळीबारात अकरा वर्षांची मुलगी गेली.

पण या वाटेने सगळ्यात जास्त कुणाचं वाटोळं केलं असेल तर इक्वेडोरचं. या देशात व्यापारी प्रमाणावर कोका पिकत नाही. त्याचं दुर्दैव नकाशात आहे: उत्तरेला कोलंबिया, दक्षिणेला पेरू, पश्चिमेला पॅसिफिक. २००० पासून चलन अमेरिकी डॉलर, त्यामुळे काळा पैसा बदलून घ्यायची कटकट नाही. आणि जगात सर्वाधिक केळी निर्यात करणारा हा देश, म्हणजे ग्वायाकिल बंदरातून युरोपला जाणाऱ्या कंटेनरांची अखंड रांग. तरी अनेक वर्षं इक्वेडोर शांत होता. २०१६ मध्ये कोलंबियातल्या फार्क या गनिमी संघटनेने सरकारशी शांतता करार केला आणि पुढच्या वर्षी शस्त्रं खाली ठेवली. करार चांगला होता, पण सीमेवरच्या वाटांवर ज्यांची हुकमत होती ते निघून गेले आणि त्यांच्या जागेसाठी डझनभर लहान टोळ्या भांडू लागल्या. मेक्सिकोच्या आणि अल्बानियाच्या गटांनी इक्वेडोरमधल्या स्थानिक टोळ्यांना कामाला लावलं आणि मोबदला रोखीऐवजी मालात दिला. तो माल स्थानिक गल्ल्यांत विकायचा, म्हणजे गल्ली ताब्यात हवी, म्हणजे बंदुका हव्यात.

२०१८ मध्ये तिथे लाखामागे वर्षाला सुमारे सहा खून होत होते. २०२३ मध्ये हा आकडा पंचेचाळीसच्या आसपास गेला. पाच वर्षांत. सप्टेंबर २०२१ मध्ये ग्वायाकिलच्या तुरुंगात एकाच दंगलीत शंभराहून जास्त कैदी मारले गेले. ऑगस्ट २०२३ मध्ये राष्ट्राध्यक्षपदाचे उमेदवार फर्नांदो व्हियाव्हिसेन्सिओ प्रचारसभेतून निघताना मारले गेले. जानेवारी २०२४ मध्ये ‘फितो’ या टोपणनावाचा टोळीप्रमुख तुरुंगातून पसार झाला आणि दोनच दिवसांत हत्यारबंद पोरं एका टीव्ही वाहिनीच्या स्टुडिओत घुसली, थेट प्रक्षेपण चालू असताना. जून २०२५ मध्ये फितोला पुन्हा पकडून पुढच्याच महिन्यात अमेरिकेच्या हवाली केलं गेलं. त्याची जागा घ्यायला इतर टोळ्या तयारच होत्या. लंडन-अ‍ॅमस्टरडॅमच्या पार्टीत ओढल्या जाणाऱ्या कोकेनच्या रेषेचा आणि ग्वायाकिलमधल्या या पोरांचा संबंध थेट आहे, आणि तो ओढणाऱ्यांना दाखवला जात नाही याचा मला राग येतो.

तिसरी वाट अटलांटिक ओलांडून पश्चिम आफ्रिकेची. ब्राझीलपासून समुद्र इथे अरुंद आहे. २००९ मध्ये मालीच्या वाळवंटात जळालेलं एक बोईंग ७२७ सापडलं. व्हेनेझुएलाहून कोकेन घेऊन आलेलं ते विमान काम झाल्यावर तिथेच टाकून दिलं होतं. एवढं मोठं विमान फेकून देणं ज्यांना परवडतं, त्यांच्यापुढे गिनी-बिसाउसारख्या छोट्या, गरीब देशाचं सरकार किती टिकणार? पश्चिम आफ्रिकेजवळच्या केप व्हर्द या बेटांच्या देशात २०१९ च्या जानेवारीत एकाच जहाजावर साडेनऊ टन माल सापडला. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये ब्राझीलमधून निघालेली एक अर्धबुडीत नौका तीन टन कोकेन घेऊन अख्खा अटलांटिक पार करून स्पेनच्या गालिसिया किनाऱ्यावर पोहोचली. २०२५ मध्ये तर कोलंबियाच्या नौदलाला उपग्रह इंटरनेटवर चालणारी, आत माणूसच नसलेली अशी नौका सापडली.

भारत या नकाशात मुख्य बाजार नाही. आपल्याकडे अफू, हेरॉइन आणि रासायनिक नशा यांचं संकट जास्त मोठं आहे. पण कोकेन येतं, आणि वाढत्या प्रमाणात येतं. एप्रिल २०२१ मध्ये तुतिकोरिन बंदरात लाकडाच्या ओंडक्यांच्या कंटेनरमधून सुमारे ३०० किलो सापडलं. ऑक्टोबर २०२४ मध्ये दिल्लीत एकाच कारवाईत साडेपाचशे किलोहून जास्त पकडलं गेलं. मुंबई विमानतळावरचा प्रकार वेगळा आणि जास्त करुण. तिथे आफ्रिकेतून किंवा दक्षिण अमेरिकेतून, अनेकदा अदिस अबाबामार्गे, एकटे प्रवासी येतात, पोटात कोकेनच्या कॅप्सूल गिळून. एक फुटली तरी जीव जाऊ शकतो. पकडले गेले तर आपल्या १९८५ च्या एनडीपीएस कायद्यात कोकेनची १०० ग्रॅमहून जास्त मात्रा ‘व्यावसायिक’ ठरते आणि किमान दहा वर्षांची शिक्षा होते. हे बहुतेक कर्जात बुडालेले, काही हजार डॉलरसाठी तयार झालेले लोक असतात. माल कुणाचा, हे त्यांना माहीतही नसतं.

एवढ्या जप्त्या होतात, मग माल कमी का होत नाही? यूएनओडीसीच्या अंदाजाने २०२३ मध्ये जगात ३,७०८ टन कोकेन तयार झालं आणि २,२७५ टन जप्त झालं. यावरून अर्ध्याहून जास्त माल पकडला जातो असा अर्थ काढणं मात्र चूक. पहिला आकडा शुद्ध कोकेनचा आहे, दुसऱ्यात भेसळीचंही वजन आहे. शिवाय जप्तीचा तोटा टोळ्यांनी आधीच हिशेबात धरलेला असतो. मूळ जागी दीड-दोन हजार डॉलरला मिळणारी किलो बंदरात गेली, तर तेवढ्यालाच दुसरी मिळते. वापरणारेही वाढले आहेत: २०१३ मध्ये १ कोटी ७० लाख, २०२३ मध्ये अडीच कोटी.

लागवडीच्या टोकाला इलाज नाही असं नाही. २०१६ च्या शांतता करारानंतर कोलंबियात ९९ हजार कुटुंबांनी कोका उपटून दुसरं पीक घेण्याच्या कार्यक्रमात नाव नोंदवलं. त्यांनी झुडपं उपटली. सरकारी मदतीचे सुरुवातीचे हप्ते आले. पण कोको, कॉफी किंवा जनावरांसाठीचं भांडवल अनेकांना वर्षानुवर्षं मिळालं नाही, रस्ते झाले नाहीत, जमिनीचे कागद मिळाले नाहीत, आणि कार्यक्रमाचा पुरस्कार करणाऱ्या गावपुढाऱ्यांचे खून पडले. मग काहींनी पुन्हा कोका लावला. २०२२-२३ मध्ये त्याचाही भाव कोसळला, खरेदीदार यायचे बंद झाले आणि कातातुंबोत उपासमारीची वेळ आली. जानेवारी २०२५ मध्ये याच खोऱ्यातल्या वाटांसाठी ईएलएन ही दुसरी गनिमी संघटना आणि फार्कमधून फुटलेला गट यांच्यात लढाई पेटली. काही आठवड्यांत पन्नास हजारांहून जास्त लोक घरं सोडून पळाले. त्यांतल्या कित्येकांना कुकुता शहराच्या फुटबॉल स्टेडियमवर आसरा घ्यावा लागला. त्यांत पानं खुडणारे रास्पाचिन होते आणि झुडपं उपटून सरकारच्या पुढच्या हप्त्याची वाट पाहणारी कुटुंबंही होती.